चार सेफ्टी पिना

आमच्या काळी कबड्डीच्या सामन्याला पंचांच्या टेबलावर गुणपत्रक, शिट्टी, घड्याळ आणि एक पत्र्याचा डबा असायचा. बाकी सगळं आयोजकांचं, डबा माझा. मूळचा बिस्किटांचा. त्यावरचं चित्र घासून गेलं होतं आणि झाकण उघडायला चमच्याची दांडी लागायची. सामन्याआधी दोन्ही संघ रांगेत उभे राहिले की तो डबा काखेत मारून मी रांगेपुढून फिरायचे. नखं दाखव. मान वर कर. कानात काय आहे? पायातलं काढ. आणि जे निघेल ते डब्यात.

काय काय निघायचं! कानातल्या रिंगा, चमक्या, बांगड्या हे तर नेहमीचंच. त्याखेरीज काळे दोरे, लाल दोरे, वणीच्या गडावरून आणलेले गंडे, दर्ग्यातून आणलेला चांदीच्या नळीतला तावीज, नाजूक साखळीतला क्रॉस, साईबाबांचं लॉकेट, ग्रहांच्या अंगठ्या. दहावीची परीक्षा जवळ आली की पुष्कराज वाढायचे. मुलांच्या सामन्यात एखादं जानवंही असायचं, ते कानाला नाही तर खांद्यावरून कमरेला गुंडाळलेलं. करदोटा मात्र आम्ही कधी मोजलाच नाही. तो चड्डीच्या आत, आणि आतल्या गोष्टीत पंचानं डोकावायचं नसतं.

कबड्डीत हे सगळं का काढायला लावतात ते बाहेरून बघणाऱ्याला चटकन कळत नाही. एकीवर पाच-सहा जणी तुटून पडतात. साखळी मानेत रुतते, अंगठी दातावर बसते, नखानं डोळा जाता जाता वाचतो. म्हणून नखं कापलेली हवीत, दागिना नको, अंगाला तेल नको. मी नाशिकच्या एका शाळेत तीस वर्षं पीटी शिकवली आणि त्यातली बहुतेक वर्षं सुट्टीच्या दिवशी पंचगिरी केली, तेव्हा हा नियम मला देवाच्या आरतीसारखा पाठ होता.

सामना संपला की डबा रिकामा व्हायचा. तावीजवाली तावीज बरोबर उचलायची. काळे दोरे मात्र सगळे सारखेच. कुणाचा दोरा कुणाच्या पायात गेला असेल देव जाणे. त्यामुळे कुणाला दृष्ट लागल्याचं ऐकिवात नाही.

मंगळसूत्र ही एक वस्तू त्या डब्यात कधी आली नाही.

खुल्या गटात लग्न झालेल्या मुली खेळायच्या. एक मूल झाल्यावर परत मैदानात उतरलेल्याही होत्या. मी नवीन पंच असताना पहिल्यांदा एकीला म्हणाले, "मंगळसूत्र काढून दे." रांगेत एकदम शांतता. ती माझ्याकडे बघतच राहिली. आमच्या सरपंचबाईंनी, म्हणजे सामन्याच्या मुख्य पंचांनी, मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "अगं, असं काढ नाही म्हणायचं. आत घालायला सांग, वर पिन लाव म्हणावं, आणि जपून खेळ म्हणायचं." आपल्या भाषेतही मंगळसूत्र तुटत नाही, ते 'वाढतं'. बांगडी फुटत नाही, तीही वाढवतात. ज्या वस्तूच्या तुटण्याला आपण सरळ क्रियापदसुद्धा लावत नाही, ती बिस्किटाच्या डब्यात कशी जाणार? म्हणून कुठल्याही पुस्तकात न लिहिलेली एक सूट आम्ही सगळ्यांनी गुपचूप पाळली. तीन वेढे घालून आखूड केलेलं, टी-शर्टच्या आत बनियनला पिनेनं टाचलेलं मंगळसूत्र. पिनेनं, बरं का.

माझी स्वतःची गोष्ट आणखी मजेशीर. लग्नानंतर मी दोन वर्षं खेळले. सासर पंचवटीतल्या वाड्यातलं, सोवळ्या-ओवळ्याचं. सासूबाईंनी विचारलं, "मैदानावर त्याचं काय करतेस गं?" मी म्हणाले, आत पिन लावते. साफ खोटं. पिनेवर माझा काडीचा भरवसा नव्हता. मंगळसूत्र नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात असायचं आणि नवरा मैदानाबाहेर सायकलच्या कॅरिअरवर. चढाईला जाताना मी आधी त्याच्या खिशाकडे बघायचे. संघातल्या पोरींना वाटायचं, काय प्रेम आहे!

तसा पोशाखाच्या नियमाशी माझा पहिला सामना त्याच्याही आधीचा. १९८१ साल, मी अकरावीत. तोवर शाळेत पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला कसून आम्ही खेळायचो. जिल्हा संघाच्या निवडीला निरोप आला की हाफ पँट लागेल. वडील नोटप्रेसमध्ये, घर नाशिकरोडला, वस्ती ओळखीची. वडील म्हणाले, "मांड्या उघड्या टाकायच्या असतील तर खेळ नको." दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी आजीनं, पाट्यावर चटणी वाटता वाटता, मान वर न करता विचारलं, "माझ्या काष्ट्यात पोटऱ्या दिसतात, त्या कुणी झाकल्या रे आजवर?" विषय संपला. आईनं पँट शिवली, पण गुडघ्याखाली चार बोटं उतरेल अशी. मैदानावर पंचांनी ती बघितली आणि म्हणाले, ही चालणार नाही, वर दुमड. मी ती दुमडली. त्या दुमडीत माझी लाज, आईची शिलाई आणि वडिलांचा अबोला एकत्र होते. पहिल्या चढाईला मी दम घेतला खरा, पण 'कबड्डी कबड्डी' म्हणायचं सोडून एक हात सारखा पँट खाली ओढत होता. बाद झाले, हे सांगायला नकोच.

२०२१ मध्ये नॉर्वेच्या महिलांच्या बीच हँडबॉल संघाला युरोपीय स्पर्धेत १५०० युरो दंड झाला, तेव्हा मला ती दुमड आठवली. त्यांचा गुन्हा काय, तर बिकिनीऐवजी आखूड चड्डी घातली. पुरुष मात्र चड्डीतच खेळत होते. पुढं बोभाटा झाला आणि त्याच वर्षी नियम बदलला. कमी घातलं म्हणून घरचे ओरडतात, जास्त घातलं म्हणून पंच दंड करतात. बाईच्या अंगावर नेमकं किती कापड हवं ह्याचा हिशेब ठेवणारे सगळीकडे आहेत, नुसत्या टेपा वेगवेगळ्या.

एवढं सगळं माझ्याच वाट्याला येऊन गेलेलं असताना २००६ मध्ये मी जे केलं, ते केलं.

शालेय स्पर्धा होत्या, सतरा वर्षांखालच्या मुलींच्या. डिसेंबरची सकाळ. नाशिकची थंडी ज्यांनी मैदानावर काढली आहे त्यांना ठाऊक आहे, आठ वाजेपर्यंत मातीला हात लावला तर बोटं बधिर होतात. जुन्या नाशकातल्या एका शाळेचा संघ आला होता, पहिल्यांदाच. बाकी मुली टी-शर्ट आणि ट्रॅकपँटमध्ये. त्यांच्यातली एक काळा स्कार्फ बांधून. डोकं आणि मान झाकलेली, हनुवटीखाली एक पिन, कानामागं एक. उंच, हाडापेरानं मोठी, डाव्या कोपऱ्याला खेळणारी. सराव करताना मी तिची एक पकड बघितली होती. घोटा असा धरला की चढाईची मुलगी नुसती बसली खाली.

त्यांच्या टी-शर्टवर क्रमांक नव्हते. अशा संघांसाठी आम्ही कापडी क्रमांक ठेवायचो, पाठीवर लावायचे, चार कोपऱ्यांना चार सेफ्टी पिना. मी तिला ९ क्रमांक दिला. पिनांची माळ पुढं केली, तिनं त्यातल्या चार मोजून घेतल्या. मैत्रिणीनं तिच्या पाठीवर त्या लावल्या. मग मी डबा घेऊन रांगेपुढून निघाले आणि तिच्यापाशी थांबले.

"स्कार्फ काढावा लागेल."

तिला धक्का बसला असं नाही. तिनं हे ऐकायची तयारी ठेवलेली असावी. म्हणाली, "मॅडम, पिन निकालती ना मैं. पीछे गाठ मारती. टाइट." आणि करूनही दाखवलं. दोन्ही पिना काढून माझ्या डब्यात टाकल्या, टोकं मागं नेली, मानेवर गाठ मारली आणि डोकं जोरजोरात हलवलं. स्कार्फ जागचा हलला नाही.

मी म्हणाले, "नियमात नाही बेटा."

नियमात काय होतं? नखं, दागिने, तेल. स्कार्फचं नाव कुठंही नव्हतं. ना चालेल म्हणून, ना चालणार नाही म्हणून. गणवेश सगळ्यांचा एकसारखा हवा, एवढ्या एका ओळीवर मी उभी होते. आणि मनाशी म्हणत होते, कुणी मान धरून ओढली तर? फास बसला तर? जबाबदारी कुणाची? हे अगदीच खोटं नव्हतं. पण कबड्डीत चढाईवाल्याला धरायचं ते हातापायाला आणि धडाला. केस किंवा कपडा धरून ओढला तर तो पकड मानतच नाहीत. वेण्यांना आम्ही कधी हरकत घेतली नाही. वेणी ओढली तर ओढणारीला ताकीद द्यायची असते, वेणीवालीला घरी पाठवायचं नसतं.

त्यांच्या सरांनी वाद घातला नाही. पहिल्यांदाच आले होते, संघ बाद होईल ह्या भीतीनं गप्प राहिले असतील. राखीव मुलगी उतरवली, सातवीतली, चिमणीएवढी. डावा कोपरा उघडा पडला आणि समोरच्या संघानं तिथूनच गुण लुटले.

ती मैदानाबाहेर चपलांच्या ढिगाशेजारी बसली. मैत्रिणीला बोलावून तिनं पाठीवरचा क्रमांक काढून घेतला, कापडाची चौकोनी घडी केली. पिना एकात एक अडकवल्या. मध्यंतराला माझ्यापाशी आली आणि घडी टेबलावर ठेवून म्हणाली, "मॅडम, आप की पिना."

चार. मोजून. हनुवटीखालची एक पिन मला धोक्याची वाटली होती, आणि पाठीवरच्या चार मी माझ्या हातानं दिल्या होत्या.

हे मला तेव्हा उमगलं असतं तर बरं झालं असतं. उमगलं ते दीड महिन्यानं, पौषात. त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांची यात्रा नुकतीच आटोपली होती. मुलांचा सामना, मी गुणलेखक. सिन्नरकडचा एक पोरगा, गळ्यात तुळशीची माळ. माळकरी. तपासणीला आमचे एक ज्येष्ठ पंच होते. त्यांनी माळेला हात लावला नाही, स्वतःच्या छातीला लावला आणि हसून म्हणाले, "माउली, तेवढी आत घाला." माळ आत गेली. मी बघत होते, मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. घातलेली माळ काढायची नसते हे कुणी सांगायला लागतं का?

उत्तरार्धात त्याची पकड झाली, तिघं अंगावर पडले आणि माळ तुटली. पुन्हा तेच, आमचे पंच म्हणाले, "माळ वाढली." मणी सगळ्या मैदानभर. शिट्टी झाली, घड्याळ थांबवलं आणि मग जे दृश्य दिसलं ते मी विसरणार नाही. दोन्ही संघांची पोरं, दोन पंच, एक सरपंच, सगळे गुडघ्यांवर बसून मातीतून मणी वेचत होते. पायाखाली येऊ नये म्हणून पोरं बोटांनी चाचपत पुढं सरकत होती. प्रतिस्पर्धी संघाचा कप्तान ओंजळ करून फिरत होता. मणी आणून माझ्याच डब्यात टाकले. दहा मिनिटं तरी गेली असतील. कुणी घड्याळाकडं बघितलं नाही, गणवेशाच्या एकसारखेपणाची आठवण कुणाला झाली नाही. आणि डब्यात मणी पडताना होणारा तो बारीक आवाज ऐकत मी बसले होते, तेव्हा डब्याच्या तळाशी मला दोन पिना दिसल्या. हनुवटीखालची आणि कानामागची. त्या परत न्यायच्या राहून गेल्या होत्या.

मणी वेचले ते चूकच होतं असं मी म्हणत नाही. तसंच करायला हवं होतं.

त्यानंतर मी जगातल्या पंचांनी काय केलं ह्याच्या बातम्या जरा जास्तच लक्ष देऊन वाचायला लागले. स्वतःच्या चुकीला सोबत शोधायची माणसाची खोड असते. सोबत भरपूर मिळाली. २००७ मध्ये कॅनडातल्या क्वीबेक प्रांतात अकरा वर्षांच्या मुलीला हिजाबमुळं फुटबॉल सामन्यातून काढलं. प्रकरण फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळापर्यंत गेलं, त्यांनी सध्याचा नियम पुरेसा आहे म्हणून सोडून दिलं. जून २०११ मध्ये अम्मानला इराणचा महिला संघ ऑलिंपिक पात्रतेचा सामना खेळायला मैदानात उतरला आणि डोक्यावरच्या कापडानं मान झाकते म्हणून सामनाच झाला नाही. जॉर्डनला ३-० असा बहाल. त्या मुलींचे मैदानावर रडतानाचे फोटो सगळीकडं छापून आले. मी ते फोटो फार वेळ बघू शकले नाही.

पुढं जॉर्डनचेच राजपुत्र अली बिन अल हुसेन, जे फिफाचे उपाध्यक्ष होते, त्यांनी हा विषय लावून धरला. २०१२ मध्ये प्रायोगिक परवानगी आली, २०१४ मध्ये पक्की. ती पुरुषांनाही लागू, म्हणजे शिखांच्या पटक्यालाही. त्याच्या आदल्याच वर्षी क्वीबेकमध्ये फुटबॉल संघटनेनं पगडीवर बंदी घालून राष्ट्रीय संघटनेकडून निलंबन ओढवून घेतलं होतं. आणि २०१४ च्या त्या नियमातली भाषा वाचून मी कपाळाला हात लावला. डोक्यावरचं आवरण काळं किंवा जर्सीच्या मुख्य रंगाचं हवं, जर्सीला जोडलेलं नको, त्याचा कुठलाही भाग बाहेर आलेला नको, आणि गळ्याशी उघडझाप करणारं काही नको. म्हणजे पिन नको. बस्स. पिन काढ आणि घट्ट बांध. जुन्या नाशकातल्या पोरीनं जे मला अर्ध्या मिनिटात करून दाखवलं होतं, तिथं पोचायला जगाच्या पंचमंडळींना सात वर्षं लागली.

बास्केटबॉलवाल्यांना आणखी तीन. जुलै २०१४ मध्ये चीनमधल्या वूहानला आशिया चषकात आपल्या अमृतपाल सिंग आणि अमज्योत सिंग यांना पटके उतरवून खेळायला लावलं. पगडी सैल पडून कुणाला इजा झाल्याची एक तरी नोंद दाखवा, असं तेव्हा बरेच जण विचारत होते. त्याच वर्षी सप्टेंबरात इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत कतारच्या महिला संघानं हिजाब काढायला नकार दिला आणि मंगोलियाविरुद्धचा सामना सोडून दिला. बास्केटबॉलचा नियम बदलला तो १ ऑक्टोबर २०१७ पासून. अटी जवळपास त्याच. चेहरा झाकायचा नाही, गळ्याशी काही उघडझाप नको, सगळ्या संघाचा रंग एक. क्रिकेटला मात्र हे प्रश्न कधी पडलेच नाहीत. बिशनसिंग बेदींचे रंगीबेरंगी पटके बघत आमची पिढी मोठी झाली आणि त्यात धर्म आहे की नाही ह्यावर कुणी चर्चा केल्याचं आठवत नाही. बेदींचा चेंडू वळतो का एवढंच बघायचे.

आणि मग २०१८.

त्या वर्षी दोन मराठी मुलखातल्या बायकांची नावं इराणशी जोडली गेली. जूनमध्ये पुण्याच्या सौम्या स्वामिनाथन यांनी, ज्या २००९ च्या जागतिक ज्युनिअर विजेत्या, इराणमधल्या हमदानच्या आशियाई सांघिक बुद्धिबळ स्पर्धेतून माघार घेतली. तिथं डोकं झाकणं सक्तीचं होतं आणि खेळात धार्मिक पोशाखाची सक्ती नको, अशी त्यांची स्वच्छ भूमिका होती. दोन वर्षांपूर्वी नेमबाज हीना सिद्धू यांनी ह्याच कारणानं तेहरानला जायचं टाळलं होतं. आमच्या शिक्षक खोलीत सौम्यांचं कौतुक झालं आणि मीही केलं, मनापासून.

२४ ऑगस्टला जकार्तात आशियाई स्पर्धेची महिला कबड्डीची अंतिम लढत. २०१० मध्ये महिलांची कबड्डी आली तेव्हापासून दोन्ही सुवर्णं आपली. २०१४ ला अंतिम फेरीत ह्याच इराणला आपण ३१-२१ असं हरवलं होतं. ह्या वेळी इराण २७-२४ नं जिंकलं. आणि इराणच्या प्रशिक्षक कोण, तर आमच्या नाशिकच्या शैलजा जैन. तिथं जाऊन राहिल्या, डोक्यावर कापड घेतलं, पोरींशी बोलता यावं म्हणून फार्सी शिकल्या आणि त्या पोरींना आपल्या मातीतला खेळ असा शिकवला की त्यांनी आपल्यालाच हरवलं.

मी टीव्हीसमोर होते. नवरा म्हणाला, "आता तू कुणाच्या बाजूनं रडणार?" मला सांगता येईना. सामनाभर मी गुण कमी आणि स्कार्फ जास्त बघत होते. सातही जणींची डोकी झाकलेली, बाह्या मनगटापर्यंत, पाय घोट्यापर्यंत. चढाया, मांडीच्या पकडी, साखळी, अंगावर पडणं, सगळं चालू. कुणाला फास बसला नाही. माझी २००६ ची ती सगळी काळजी जकार्ताच्या मॅटवर अर्ध्या तासात निकालात निघाली. वाईट वाटत होतं ते भारत हरल्याचं, असं मी नवऱ्याला सांगितलं.

पण इथंही गोष्ट सरळ नाही. ज्या स्कार्फमध्ये त्या मुली सुवर्णपदक घेऊन उभ्या होत्या, तो काढून खेळायची मुभा त्यांना नव्हती. ऑक्टोबर २०२२ मध्ये सोलला क्लायंबिंगच्या स्पर्धेत एलनाझ रेकाबी ही इराणी मुलगी उघड्या डोक्यानं भिंत चढली आणि साऱ्या जगाचे श्वास अडकले, ते तिच्या चढण्यामुळं नव्हे, ती घरी परतल्यावर काय होईल ह्या भीतीनं. त्याच वर्षी डिसेंबरात सारा खादेम अल्माटीला बुद्धिबळाच्या पटावर हिजाबविना बसली आणि पुढं तिला देश सोडून स्पेनला राहावं लागलं. आणि दुसऱ्या टोकाला फ्रान्स. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला पाहुण्या देशांच्या खेळाडूंना हिजाब चालत होता, यजमान फ्रान्सच्या खेळाडूंना नाही. धावपटू सुंकांबा सिला उद्घाटनाला टोपी घालून आली, कारण टोपीला धर्म नसतो. तेहरानमध्ये घालायची सक्ती, पॅरिसमध्ये काढायची. मला तर दोन्हीकडं तोच आवाज ऐकू येतो, "वर दुमड" म्हणणारा.

माझी एक मैत्रीण, तीही निवृत्त शिक्षिका, कॉलेज रोडला चहा पिताना मला नेहमी अडवते. म्हणते, तुझं ठीक आहे गं, पण ती पोरगी स्वतःच्या मनानं बांधते की घरच्यांच्या धाकानं, तुला काय माहीत? खरंच माहीत नाही. सोळाव्या वर्षी स्वतःचं मन कुठलं आणि घरच्यांचं कुठलं, हे मला माझ्या बाबतीतसुद्धा सांगता येणार नाही. मी हाफ पँट घातली ती आजीमुळं, आणि ती लांब शिवली ती वडिलांमुळं. मंगळसूत्र नवऱ्याच्या खिशात ठेवलं, पण सासूबाईंना खोटं सांगितलं. पंचाला ह्यातलं काही सोडवता येत नाही. त्याच्या हातात असतो तो फक्त बारा मीटर बाय आठ मीटरचा चौकोन, आणि त्यात कुणाला येऊ द्यायचं हा निर्णय. त्या चौकोनाबाहेर तिला घोटा धरायला कोण शिकवणार होतं?

आणि सगळंच चालवून घ्यावं असंही मला वाटत नाही. कडं मी आजही काढायला लावीन, नवसाचं असो, वणीचं असो की मनमाडच्या गुरुद्वारातलं असो. लोखंड कपाळावर बसलं की कपाळ फुटतं, त्याला श्रद्धा कळत नाही. फुटबॉलच्या नियमात तर दागिन्यावर चिकटपट्टी लावून खेळायलाही मनाई आहे आणि ते बरोबर आहे. निघतच नसेल तर बस बाहेर, वाईट वाटेल, वाटू दे. पण ते सांगताना माझ्या यादीत मंगळसूत्रही असायला हवं होतं. ते नव्हतं. आणि जिथं इजेचा प्रश्नच नाही तिथं 'एकसारखं दिसलं पाहिजे' हे कारण पुढं करू नये. एकसारखं म्हणजे कुणासारखं, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं. उत्तर माहीत होतं म्हणूनच बहुधा.

तिच्या संघाचं पुढं काय झालं ते मी शोधलं नाही. शोधता आलं असतं. नाशिक एवढं मोठं नाही, द्वारकेच्या सिग्नलपासून ती शाळा पायी दहा मिनिटांवर. दोनदा गेले, दोनदा फाटकावरून परत आले. काय सांगणार होते? पुढच्या वर्षी तो संघ स्पर्धेला दिसला नाही. मुली दहावीला गेल्या असतील, सर बदलून गेले असतील, कारणं पुष्कळ असू शकतात. मी स्वतःला ती सगळी सांगून बघितली आहेत.

मागच्या हिवाळ्यात एका स्पर्धेला मला पाहुणी म्हणून बोलावलं. आता मॅट असते, बूट असतात, क्रमांक जर्सीवर छापूनच येतात. पंच म्हणून माझीच एक जुनी विद्यार्थिनी होती. सतरा वर्षांखालच्या मुलींचा सामना. रांगेत एकीच्या डोक्यावर ते नवीन पद्धतीचं, ताणून घालायचं काळं आवरण, पोहणाऱ्यांच्या टोपीसारखं, मानेपर्यंत. माझी विद्यार्थिनी तिच्यापाशी थांबली. मी खुर्चीत सावरून बसले. तिनं दोन बोटं मानेपाशी फिरवली, पिन नाही ना एवढं बघितलं आणि म्हणाली, "हात दाखव."

उजव्या अंगठ्याचं नख वाढलेलं होतं.

"हे काय? सामन्याला असं येतात? काप आधी."

मुलगी ओशाळली. नेलकटर कुणाकडंच नव्हतं. पंच इकडंतिकडं बघायला लागली, तिची नजर माझ्यावर आली आणि मी पर्स उघडली.